महागडा लॅपटॉप: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

शाईदौत

भाषांतर आणि मुद्रितशोधन हा माझा पूर्णवेळचा व्यवसाय. दिवसाचे आठ-नऊ तास डोळ्यांसमोर मजकूर असतो. एका बाजूला मूळ लेखन, दुसऱ्या बाजूला माझा मसुदा, मागे दोन-तीन कोश आणि ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेली ढीगभर पानं. सध्याचा लॅपटॉप आता दमला आहे, नवा घ्यावाच लागणार.

दोन यंत्रं हेरून ठेवली आहेत. दोन्हीत १६ जीबी रॅम, दोन्हीत माहिती साठवायला ५१२ जीबीची एसएसडी, प्रोसेसरचं नावही जवळजवळ सारखं. पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. तपशिलांचा तक्ता शेजारी-शेजारी ठेवून वाचला तर वजन, बॅटरी आणि स्क्रीन या तीनच ओळींत फरक दिसतो. या तीन ओळींसाठी दुप्पट पैसे मोजायचे का?

मला व्हिडिओ संपादन करायचं नाही, गेम खेळायचे नाहीत. "नुसतं टायपिंग तर करायचंय, मग कुठलाही चालेल," असं सगळे सांगतात आणि तेच मला पटत नाही. दिवसभर ज्याच्यावर हात आणि ज्याच्यावर नजर, ती वस्तू कुठलीही कशी चालेल? पण निव्वळ नावासाठी पैसे घालवायचीही तयारी नाही. ज्यांनी दोन्ही प्रकारची यंत्रं वर्षानुवर्षं वापरली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

करवंद

माझं मत स्पष्ट आहे, दुप्पट पैसे देऊ नका. लिखाण, ईमेल, ब्राउझर यांना १६ जीबी रॅम आणि एसएसडी असली की पुरे. हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली तेव्हा पडला तो खरा फरक. त्यानंतरचे फरक स्टॉपवॉच लावून बसलं तरच कळतात. जुन्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते, महागड्या यंत्रातली नव्या एनव्हीएमई जोडणीची ७००० पर्यंत जाते. पण दोनशे पानांची वर्ड फाइल उघडताना हा फरक लक्षातही येत नाही.

स्वस्त यंत्र घ्या, उरलेल्या पैशांत २७ इंची मॉनिटर आणि मनाजोगता कीबोर्ड घ्या. डोळे आणि मान दोन्ही दुवा देतील.

सुतारपक्षी

करवंद, कामाची जागा ठरलेली असेल तर मॉनिटरचा सल्ला अगदी योग्य आहे. पण मला शाईदौत यांचा तक्त्याचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. माझं काम दुरुस्तीचं आहे. प्रोसेसर बिघडला म्हणून आलेला लॅपटॉप फार विरळा. येतात त्या मोडलेल्या बिजागऱ्या, सैल झालेली चार्जिंगची खाच, मेलेली बटणं, फुगलेल्या बॅटऱ्या आणि धुळीने बुजलेले पंखे. यातलं काहीही तक्त्यात नसतं.

बिजागरीचंच घ्या. स्वस्त लॅपटॉप उघडला की आत प्लास्टिकचे बारीक उभे खांब दिसतात. प्रत्येक खांबात पितळेची छोटी नट गरम करून दाबून बसवलेली असते आणि बिजागरीचे स्क्रू त्या नटांमध्ये फिरवलेले असतात. झाकण उघडताना जो जोर लागतो तो सगळा या तीन-चार खांबांवर येतो. दोन-तीन वर्षांत बिजागरी थोडी घट्ट होते, जोर वाढतो, आणि एक दिवस एका खांबाला तडा जाऊन नट स्क्रूसकट बाहेर येते. मालकाला त्या दिवशी फक्त ‘कट्’ असा आवाज ऐकू येतो. मग उरलेल्या नटांवर ताण वाढतो, झाकण उघडताना कोपऱ्यातली पट्टी फाकू लागते आणि शेवटी स्क्रीनची केबल चिमटते. माझ्याकडे लॅपटॉप येतो तो ‘स्क्रीन गेली’ म्हणून. स्क्रीन चांगली असते, गेलेले असतात ते प्लास्टिकचे खांब.

चांगल्या यंत्रात हेच आटे थेट ॲल्युमिनियममध्ये किंवा मॅग्नेशियमच्या सांगाड्यात पाडलेले असतात. तिथे उपटून येण्यासारखं काही नसतं. मात्र ‘मेटल बॉडी’ असं लिहिलेलं दिसलं की लगेच विश्वास ठेवू नका. पुष्कळदा फक्त झाकणाचा पत्रा धातूचा असतो, खालचं सगळं प्लास्टिक.

प्रत्यक्ष हाताळायला मिळालं तर तीन गोष्टी करून बघा. झाकण एका बोटाने उघडा. बूड उचललं जाता कामा नये. उघडा लॅपटॉप पुढच्या एका कोपऱ्याला धरून उचला. करकर ऐकू येता कामा नये. आणि कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबा; खालचा पत्रा ट्रॅम्पोलिनसारखा लवला तर त्यावर दिवसाला आठ तास टायपिंग करून बोटं दुखणारच.

दुर्बीण

मी छायाचित्रणवाला, त्यामुळे स्क्रीनवर बोलतो.

स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीनच्या ओळीत बारकाईने बघा, ‘२५० निट्स, ४५% एनटीएससी’ असं काहीतरी सापडेल. निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप, एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवू शकते याची मापं. ४५% एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६०-६५ टक्केच रंग. फोटोसाठी हे पॅनेल निरुपयोगी आहे. लाल रंग विटकरी दिसतो, माणसांचे चेहरे आजारी दिसतात. मजकुरासाठी रंग नसले तरी चालतात म्हणा. पण २५० निट्स दिवसाउजेडी खिडकीजवळ कमी पडतात. मग आपण नकळत पुढे वाकतो आणि मान धरते.

शाईदौत, तुमच्या कामात रंगांपेक्षा अक्षरांची धार महत्त्वाची. १५.६ इंची फुल एचडी स्क्रीनवर एका इंचात १४१ पिक्सेल बसतात. १४ इंची २८८० गुणिले १८०० स्क्रीनवर २४२. रोमन लिपी १४१ वरही खपून जाते, देवनागरीचं तसं नाही. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, वेलांटीवर रफार, त्यावर अनुस्वार अशी गर्दी असते, खाली उकार आणि जोडाक्षरांची पोटं. ‘वर्षांनी’ किंवा ‘मूर्तींची’ असे शब्द छोट्या टाइपात दोन्ही स्क्रीनवर शेजारी-शेजारी वाचून बघा. कमी पिक्सेलच्या स्क्रीनवर रफार आणि अनुस्वार मिळून एक करडा ठिपका होतो आणि अनुस्वार आहे की नाही हे वाचणारा संदर्भावरून ताडतो. मुद्रितशोधकाने ताडून कसं चालेल?

दुसरं, उंची. १६:९ ऐवजी १६:१० स्क्रीन असेल तर तेवढ्याच रुंदीत सुमारे ११ टक्के जास्त उंची मिळते. पानाच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात. पूर्वी हे फक्त महागड्या यंत्रांत मिळायचं, आता मधल्या किमतीतही मिळू लागलं आहे.

करवंद

देवनागरीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, मान्य. पण तो माझ्याच बाजूने जातो. ४के मॉनिटर घेतला की धारदार अक्षरं मिळतातच, आणि तो मॉनिटर पुढच्या दोन लॅपटॉपांना पुरतो. लॅपटॉपच्या किमतीतली स्क्रीन लॅपटॉपबरोबरच जाते.

शाईदौत

करवंद, मुद्दा बिनतोड आहे. अडचण एवढीच की माझं निम्मं काम घराबाहेर होतं. ग्रंथालयात बसून मूळ पुस्तकं बघावी लागतात, लेखकांबरोबर बसून मसुदे वाचावे लागतात. त्या वेळी लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन आणि स्वतःचा कीबोर्ड हेच असतं. त्यामुळे घरी मॉनिटर घेतला तरी प्रश्न अर्धाच सुटतो.

सुतारपक्षी, बिजागरीचं वाचून माझ्या सध्याच्या लॅपटॉपचा कोपरा पाहिला. पट्टी फाकलेली आहे.

सुतारपक्षी

मग झाकण शक्यतो उघडंच ठेवा आणि बॅकअप आजच घ्या.

आकडेमोड

‘प्रोसेसरचं नाव जवळजवळ सारखं’ या वाक्यापाशी मी थांबलो. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एएमडीचा रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू ही नावं बघा. एका अंकाचा फरक. पहिल्यात झेन २ आहे, म्हणजे २०१९ साली आलेली रचना. दुसऱ्यात झेन ४, २०२२ ची. त्या मालिकेत पिढी पहिल्या अंकावरून कळत नाही, तिसऱ्या अंकावरून कळते, आणि हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. इंटेलकडे शेवटचं अक्षर बघायचं. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा. ‘आय७’ एवढंच वाचून घेतलेला जुना यू प्रोसेसर नव्या आय५ एचपुढे मागे पडतो.

तेव्हा शाईदौत, दोन्ही यंत्रांच्या प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. सारखे वाटणारे प्रोसेसर मुळात सारखे नसण्याचीच शक्यता जास्त.

आता हिशोब. दुप्पट किमतीचं यंत्र दुप्पट वर्षं टिकलं तर वर्षाचा खर्च तेवढाच, आणि वापरताना सुख जास्त. हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. तो अर्धाच खरा आहे, कारण यंत्राचं आयुष्य फक्त सांगाडा ठरवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६-१७ मधली सातव्या पिढीची उत्तमोत्तम महागडी यंत्रं, ज्यांची बिजागरी आजही मऊ चालते, ती एका निर्णयाने यादीबाहेर गेली. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालून वापरणारे आहेत आणि ते झकास चालतं, पण ज्याला ठरावीक सॉफ्टवेअर लागतं त्याला तो मार्ग बंद.

म्हणून महाग यंत्र घ्यायचंच तर बाजारात नुकत्याच आलेल्या पिढीचं घ्यावं. दोन वर्षं जुन्या प्रोसेसरचं महागडं यंत्र पूर्ण किमतीत घेण्यात काहीच अर्थ नाही.

रानवाट

वजनाबद्दल अजून कुणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहिते. मी क्षेत्रकार्य करते, लॅपटॉप पाठीवरच असतो. स्वस्त १५ इंची यंत्र पावणेदोन किलोच्या आसपास, त्याचा जाडजूड चार्जर वेगळा. चांगलं १३-१४ इंची यंत्र सव्वा किलो किंवा त्याहून कमी, आणि यूएसबी-सी असेल तर फोनला आणि लॅपटॉपला मिळून एकच छोटा चार्जर. कागदावर हा फरक अर्ध्या किलोचा आहे. तो खांद्याला संध्याकाळी कळतो.

बॅटरीबाबत सांगायचं तर नुसता वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा आकडा बघू नका. यंत्र किती वीज खातं तेही बघा. विमानात नेता यावी म्हणून लॅपटॉपची बॅटरी १०० वॉट-अवरच्या आत ठेवतात, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे बॅटरी मोठी करून भागत नाही, विजेचा वापर कमी करावा लागतो. २०२० च्या शेवटी ॲपलचा एम१ प्रोसेसर आला तेव्हा लोक चकित झाले ते यामुळेच. त्याच्या मॅकबुक एअरमध्ये पंखासुद्धा नव्हता, बॅटरी ५० वॉट-अवरच्या आतबाहेर, आणि लिखाणाचा अख्खा दिवस निघायचा. त्यानंतर इंटेल, एएमडी आणि क्वालकॉम तिघांनाही त्या दिशेने धावावं लागलं.

शाईदौत, ग्रंथालयात बसणाऱ्या माणसासाठी पंखा नसणं किंवा न फिरणं ही चैन नाही. शांत वाचनकक्षात लॅपटॉपचा पंखा सुरू झाला की चार माना वळतात.

मध्यरात्र

पंख्याच्या मुद्द्याला धरून थोडं तांत्रिक.

एकच प्रोसेसर एका यंत्रात १५ वॉटवर चालवतात, दुसऱ्यात २८ वर. निर्माता ठरवतो. कमी वॉट म्हणजे गार आणि शांत, जास्त वॉट म्हणजे वेगवान आणि आवाजी. पहिली काही मिनिटं दोन्ही सारखेच पळतात, मग उष्णता साठते आणि पातळ यंत्र आपणहून वेग उतरवतं. तासभर चालणाऱ्या जड कामात जाडजूड स्वस्त यंत्र पातळ महागड्या यंत्राला मागे टाकतं, हे मी माझ्या कामात रोज पाहतो. मोठा सॉफ्टवेअर प्रकल्प कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवताना, पातळ यंत्राचा वेग शेवटी निम्म्यावर येतो.

म्हणजे महागडं घेतलं की ताकद जास्त मिळेल हे गृहीत चुकीचं. पातळपणासाठी पैसे देताना आपण ताकद थोडी सोडत असतो. ज्यांना सतत ताकद लागते त्यांनी त्याच पैशात जाड, दोन पंख्यांचं यंत्र घ्यावं आणि ते टेबलावर ठेवावं. शाईदौत यांचं काम उलट्या प्रकारचं आहे. त्यांना ताकद क्षणभर लागते, शांतता दिवसभर.

करवंद

आता महागड्या बाजूचेही दोष मांडतो, कारण गाडी एकाच दिशेने चालली आहे.

ॲपलने २०१५ पासून बटरफ्लाय कीबोर्ड आणला. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं, धुळीचा एक कण अडकला की अक्षर दोनदा उमटायचं किंवा उमटायचंच नाही. तो दोष मान्य करून मोफत दुरुस्तीची योजना २०१८ मध्ये काढावी लागली आणि २०१९ च्या शेवटी बटणाखाली कात्रीसारख्या दोन पट्ट्यांची जुनी पद्धत परत आणायला सुरुवात झाली. तोवर चार वर्षं लोकांनी बाजारातल्या सगळ्यात महागड्या यंत्रांपैकी एकावर सगळ्यात नाजूक कीबोर्ड वापरला. शिवाय कीबोर्ड, बॅटरी आणि वरचा पत्रा एकत्र जोडलेले, म्हणजे एक बटण बिघडलं तरी अख्खा भाग बदला.

दुसरं उदाहरण. मॅकबुक एअरचं सगळ्यात कमी किमतीचं मॉडेल ऑक्टोबर २०२४ पर्यंत ८ जीबी रॅमचंच मिळत होतं. रॅम चिपलाच जोडलेली, नंतर वाढवणं अशक्य. २०२२ च्या एम२ एअरमध्ये २५६ जीबीच्या मॉडेलला एकच स्टोरेज चिप टाकली, त्यामुळे तिचा वाचनाचा वेग आधीच्या एम१ पेक्षा बराच कमी झाला. महाग वस्तूचं सगळ्यात स्वस्त मॉडेल घेणं हा सगळ्यात वाईट व्यवहार असतो, हे मला त्यावरून पक्कं पटलं.

सुतारपक्षी

करवंद यांना पूर्ण अनुमोदन, आणि भर.

रॅम सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असणं आता फक्त ॲपलचं राहिलेलं नाही. पातळ विंडोज यंत्रांतही तेच आहे. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत, जी २०२४ मध्ये आली, रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते. १६ किंवा ३२, जे घ्याल तेच शेवटपर्यंत. याला कारणही आहे. रॅम जवळ असली की वीज कमी लागते, वर रानवाट यांनी लिहिलेली दिवसभराची बॅटरी काही अंशी त्यातूनच येते. पण किंमत आपण मोजतो ती अशी की पाच वर्षांनी स्लॉटमध्ये एक पट्टी वाढवून यंत्राला नवं आयुष्य देण्याची सोय गेली.

मदरबोर्डवर सोल्डर केलेली एसएसडी मात्र मला कुठल्याही परिस्थितीत आवडत नाही. बोर्ड जळाला की माहितीही अडकली. ज्या यंत्रात एसएसडी काढता येण्यासारखी एम.२ खाचेत आहे त्यातून मी पाच मिनिटांत ती काढून ग्राहकाच्या हातात ठेवू शकतो. प्रबंध, हिशोब, मुलांचे फोटो, सगळं शाबूत. एवढ्या एका गोष्टीसाठी मी शंभर ग्रॅम जास्त वजन आनंदाने उचलेन.

दुरुस्तीयोग्य यंत्र नाजूक किंवा बोजड असतं हा समज मात्र आता मागे टाकायला हवा. फ्रेमवर्क कंपनीचा पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये आला, १३ इंची, सुमारे १.३ किलोचा. त्यात एकाच पेचकसाने स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी, खुद्द मदरबोर्डसुद्धा बदलता येतो. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे रॅमच्या पट्टीचं मानक जाहीर केलं, त्यामुळे पातळ यंत्रातही बदलता येणारी वेगवान रॅम शक्य झाली. ही यंत्रं स्वस्त नाहीत. पण इथे जास्तीचा पैसा कशाला दिला ते यंत्र उघडून दाखवता येतं.

पाचोळा

धाग्यात ‘महागडा’ म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चकचकीत, दिखाऊ यंत्रं येत आहेत असं वाटतं. एक वेगळी जात आहे, कार्यालयांसाठी बनवलेली. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक वगैरे. थिंकपॅड १९९२ पासून आहे, आधी आयबीएमचा, २००५ पासून लेनोव्होचा. या यंत्रांचे ग्राहक म्हणजे एकेक हजार नग घेणाऱ्या संस्था. त्यांचे तंत्रज्ञ सुट्या भागांची हमी मागतात, उघडण्याची अधिकृत पुस्तिका मागतात. त्यामुळे एका सामान्य ग्राहकाला कधीच न मिळणाऱ्या सोयी यांत येतात. कीबोर्डवर पाणी सांडलं तर खाली वाहून जायला वाट, अनेक वर्षं मिळणारे भाग, घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी.

आणि संस्था ही यंत्रं तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात. मूळ किमतीच्या छोट्या हिश्श्यात धातूचा सांगाडा आणि उत्तम कीबोर्ड मिळतो. मी गेली अनेक वर्षं अशीच यंत्रं वापरतो आणि नव्या स्वस्त यंत्रापेक्षा जुनं चांगलं यंत्र बरं, हे माझं ठाम मत आहे.

घेताना बघायचं ते असं. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही असतात. ७०-७५ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरून भाव करा. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही याची खात्री करा. यंत्र जुन्या संस्थेच्या नियंत्रण व्यवस्थेतून मोकळं झालं आहे का तेही पाहा, नाहीतर विंडोज नव्याने टाकली की त्या संस्थेचं लॉगिन मागत बसतं. आणि प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतला हवा, हे वर आलंच आहे.

शाईदौत

पाचोळा, हा पर्याय माझ्या मनातही नव्हता. एक शंका. माझ्या यादीतल्या स्वस्त यंत्रावरही ‘मिलिटरी ग्रेड टिकाऊपणा’ असा शिक्का आहे. मग त्यात आणि या कार्यालयीन यंत्रांत फरक काय?

सुतारपक्षी

तो शिक्का बहुतेकदा एमआयएल-एसटीडी-८१०एच या अमेरिकी लष्करी चाचणी-पद्धतीवरून मारलेला असतो. त्यात धूळ, कंप, आर्द्रता, पडणं अशा अनेक चाचण्यांच्या पद्धती दिलेल्या आहेत. कुठल्या चाचण्या घ्यायच्या, किती कडक घ्यायच्या, हे निर्माताच ठरवतो, आणि उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र देणारी लष्कराची कुठलीही संस्था नाही. दोन-तीन चाचण्या घेऊनही शिक्का मारता येतो. निर्मात्याने चाचण्यांची पूर्ण यादी जाहीर केली असेल तर वाचा. नसेल तर शिक्का नाही असंच समजा.

दुर्बीण

ओएलईडीबद्दल सावध करतो. महागड्या विंडोज यंत्रांत आता सर्रास ओएलईडी देतात, म्हणजे जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो अशी स्क्रीन. रंग अप्रतिम, काळा रंग खरोखर काळा. पण पुष्कळ ओएलईडी स्क्रीन कमी उजेडात प्रकाश मंद करण्याऐवजी वेगाने चालू-बंद करतात. सगळ्यांना त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांचे डोळे तासाभरात जड होतात, डोकं दुखतं. तपासायला सोपं आहे. स्क्रीनचा उजेड एक चतुर्थांशावर आणा, फोनच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग वाढवून स्क्रीनकडे धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तुमच्यासारख्या दिवसभर पांढऱ्या पानाकडे बघणाऱ्या व्यक्तीने ती स्क्रीन टाळलेली बरी.

मजकुरासाठी माझी पसंती आयपीएस (मागून दिवा असलेली एलसीडी स्क्रीन), चकाकी नसलेला पृष्ठभाग, ४०० निट्स, आणि इंचाला २०० च्या वर पिक्सेल. चकाकी असलेल्या काचेत आपलाच चेहरा आणि मागची खिडकी वाचत बसावं लागतं.

शाईदौत

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, म्हणून आज जाऊन तिन्ही यंत्रं प्रत्यक्ष हाताळली: माझ्या यादीतली दोन आणि पाचोळा यांनी सुचवलेल्या जातीतलं एक, मागच्या वर्षीच्या पिढीचं, वापरलेलं.

माझ्याच एका मसुद्याचं पान पेन ड्राइव्हवर नेलं होतं, तळटीपा असलेलं. तळटीपांचा टाइप बारीक असतो. स्वस्त यंत्रावर ‘पूर्वसूरींनी’ हा शब्द तीनदा वाचला तरी ‘री’वर अनुस्वार आहे की नाही हे सांगता येईना. मोठं करून पाहिला तेव्हा कळलं. महागड्या यंत्रावर आणि कार्यालयीन यंत्रावर तो एका नजरेत दिसला. एका बोटाने झाकण उघडायची परीक्षाही घेतली. स्वस्त यंत्राचं बूड उचललं गेलं, बाकी दोघांचं नाही. आकडेमोड, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. सारखे वाटलेले दोन प्रोसेसर दोन वेगळ्या पिढ्यांचे आहेत.

महागड्या यंत्राचं टचपॅड आणि वजन फार आवडलं, पण स्क्रीन ओएलईडी आहे आणि कॅमेऱ्यात काळे पट्टे स्पष्ट दिसले. कार्यालयीन यंत्राचा कीबोर्ड सगळ्यात चांगला वाटला, बटण खोल जातं आणि कुठे थांबलं ते बोटाला कळतं. किंमत महागड्या यंत्राच्या निम्म्याहून थोडी जास्त. बॅटरी ८८ टक्के. रॅम १६ जीबी, पण एक स्लॉट मोकळा. एसएसडी खाचेत. मी याच्याकडे झुकले आहे. १४ इंची, दीड किलोच्या आत, ४०० निट्स, इंचाला २१५ च्या आसपास पिक्सेल.

काही निसटतंय का?

आकडेमोड

वॉरंटी किती उरली आहे आणि ती नव्या मालकाच्या नावे होते का, एवढं विचारा. कार्यालयीन यंत्रांची वॉरंटी बहुधा यंत्राच्या अनुक्रमांकाशी बांधलेली असते. निर्मात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की शिल्लक मुदत दिसते. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

करवंद

हा पर्याय मलाही पटला. मॉनिटरचं विसरू नका, पैसे वाचताहेत.

सुतारपक्षी

घेतल्यावर पहिल्याच दिवशी दोन कामं करा. एक, बायोसमध्ये किंवा निर्मात्याच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. घरी तुम्ही दिवसभर चार्जर लावूनच बसणार. लिथियमची बॅटरी सतत शंभरावर आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. बाहेर जायच्या आदल्या रात्री मर्यादा काढायची. दोन, मोकळ्या स्लॉटमध्ये रॅम आत्ताच घालायची गरज नाही. पंधरा-वीस पानं आणि कोश उघडे असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वापर बघा. तो सतत ८५ टक्क्यांच्या वर राहिला तरच पट्टी घ्या, आणि आधीच्या पट्टीच्याच प्रकाराची आणि वेगाची घ्या. आणायला जाल तेव्हा खालचं झाकण उघडून दाखवायला सांगा, पंख्याच्या पात्यांवर किती धूळ आहे ते बघा. त्यावरून यंत्र कसं वापरलं गेलं ते कळतं.